इंटू द ब्रीच: शेवटची बिल्डिंग वाचवता आली असती का?

जुळे_सोलापूरकर
रात्री ११.४०

नमस्कार मंडळी, धागा जरा लांब होणार आहे पण काल रात्रीपासून डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय. गेले दोन महिने मी इंटू द ब्रीच खेळतोय, २०१८ चा गेम आहे, सबसेट गेम्सचा, म्हणजे ज्या दोघांनी २०१२ ला एफटीएल हा गेम केला होता तेच. माझा लॅपटॉप जुना आहे, मोठे गेम उघडतच नाहीत, हा मात्र लोण्यासारखा चालतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आठ बाय आठचा पट, बुद्धिबळाएवढाच. आपल्याकडं तीन अजस्र रोबोट, त्यांना मेक म्हणतात, आणि जमिनीतनं वर येणारे किडे, त्यांना वेक म्हणतात. पटावर माणसं राहतात त्या बिल्डिंगा असतात आणि बिल्डिंगला मार बसला की पॉवर ग्रिड कमी होतो. ग्रिड शून्य झाला की सगळं संपलं, तुमचे तिन्ही रोबोट धडधाकट उभे असले तरी संपलं. आणि खरी गंमत ही की वेक काय करणार ते तुम्हाला आधीच दिसतं. कोण कुणाला मारणार, कोणत्या दिशेनं, कितवा नंबर, सगळं. मग तुमची चाल. त्यानंतर ते ठरलेलं करतात. म्हणजे फासे नाहीत, नशीब जवळपास नाहीच, हरलो तर आपल्याला दिसलं नाही म्हणून हरलो.

तर काल दुसऱ्या बेटावर, नॉर्मल लेव्हलवर, टीम पहिलीच म्हणजे रिफ्ट वॉकर्स. जिंकायला दोन टर्न बाकी, ग्रिड १. लिहायला सोपं जावं म्हणून आडवी अक्षरं ए ते एच धरा आणि आकडे वरून खाली १ ते ८.

समोर तीन वेक. फायरफ्लाय डी-४ वर, तोंड उजवीकडं, मधली दोन घरं रिकामी आणि जी-४ ला बिल्डिंग. हल्ल्यात त्याचा पहिला नंबर. हॉर्नेट एफ-३ वर, वरच्या एफ-२ च्या बिल्डिंगला डंख मारणार, दुसरा नंबर. आदल्या टर्नला डोंगरावर आपटवला होता त्यामुळं त्याचा जीव १ उरलेला. स्कॉर्पियन ई-६ वर, वरच्या ई-५ च्या बिल्डिंगवर, तिसरा नंबर. त्याच्या उजवीकडं एफ-६ ला पाणी. आणि जी-६ मधनं पुढच्या टर्नला नवीन वेक निघणार, जमीन हललालेली दिसत होती.

माझे मेक: तोफगोळेवाला आर्टिलरी ए-४, कॅनन एफ-५, कॉम्बॅट डी-७. तिघांची चाल तीन-तीन घरं.

मी काय केलं: कॉम्बॅटला डी-६ ला नेऊन स्कॉर्पियनला ठोसा, तो गेला पाण्यात, बुडाला. कॅनन ई-३ ला नेऊन हॉर्नेटला उडवला. राहिला फायरफ्लाय, त्याच्यावर आर्टिलरीनं थेट गोळा टाकला. त्याचा जीव ३, गोळ्याचा मार १. दोन उरले. त्यानं गोळी झाडली, जी-४ पडली, ग्रिड शून्य.

एक पायलट मागं दुसऱ्या काळात पाठवता येतो, राल्फला पाठवला. पण वाईट वाटलं हो. सहा लढाया प्रत्येक पटावरच्या एकूण एक बिल्डिंगसाठी जीव काढला होता. मला सांगा, यातनं सुटका होती का?

---

विजापूर_वेस
रात्री ११.५८

आरं भावा आर्टिलरी न्यायची ना मध्ये आडवी. गोळी मेकला लागू दे, बिल्डिंग वाचली. मेक लढाई संपल्यावर आपोआप दुरुस्त होतो, बिल्डिंग गेली ती गेली. लै वेळा मी असंच करतो.

---

जुळे_सोलापूरकर
रात्री १२.०४

आर्टिलरी ए-४ ला होती दादा, तीन घरात ई-४ पर्यंत पोचत नाही, मध्ये फायरफ्लाय पण आहे. तुमचं तत्त्व मात्र पटलं, अंगावर झेलायचं मला सुचतच नाही पटकन.

---

शेंगाचटणी
रात्री १२.१५

मग कॅनन एफ-४ ला ठेवा आणि तिथनं वर गोळी मारा. हॉर्नेट पण मेला आणि फायरफ्लायची गोळी कॅननच्याच अंगावर. एका दगडात दोन पक्षी.

---

पूर्वभाग
रात्री १२.३१

नाही, तसं करू नका. कॅनन ढकलतो. एफ-४ मधनं वर मारलं की हॉर्नेट वर ढकलला जाणार म्हणजे एफ-२ च्या बिल्डिंगवरच आपटणार आणि आपटल्याचा १ मार बिल्डिंगला बसतो. वेक त्या माराने मेला तरी त्याचं धूड ढकललं जातंच. ग्रिड १ असताना हे करणं म्हणजे आपल्याच हातानं बिल्डिंग पाडणं. मी असाच एक डाव घालवलाय म्हणून ठामपणे सांगतोय.

पण धागाकर्त्यांचा पट मी कागदावर मांडून बघतोय, मला वाटतं उत्तर आहे. थांबा जरा.

---

पूर्वभाग
रात्री १२.५२

सापडलं. आणि लै देखणं आहे.

आर्टिलरी एक घर खाली ए-५ ला घ्या. आता गोळा फायरफ्लायवर नाही टाकायचा, त्याच्या खालच्या रिकाम्या घरात टाकायचा, डी-५ ला. आर्टिलरीचा गोळा ज्या घरात पडतो तिथं १ मार देतो पण ढकलत नाही, ढकलतो तो चारी बाजूच्या शेजाऱ्यांना, बाहेरच्या दिशेनं. डी-५ रिकामं, तिथं कुणालाच मार नाही. वर डी-४ ला फायरफ्लाय आहे, तो ढकलला जाऊन डी-३ ला. उजवीकडं ई-५ ला बिल्डिंग आहे पण बिल्डिंग ढकलली जात नाही आणि नुसत्या ढकलण्यानं तिला काही होत नाही.

आता फायरफ्लाय डी-३ ला आहे आणि तोंड अजून उजवीकडंच, कारण वेक हलला तरी त्याची दिशा बदलत नाही. तिसऱ्या ओळीत त्याच्या समोर कोण? ई-३ रिकामं, एफ-३ ला हॉर्नेट. हल्ल्याचा पहिला नंबर फायरफ्लायचा. म्हणजे हॉर्नेटनं डंख मारायच्या आधी फायरफ्लायच त्याला गोळी घालणार, जीव १, संपला.

एक गोळा, एकाही वेकला आपण स्वतः मारलं नाही, आणि दोन बिल्डिंगा वाचल्या. स्कॉर्पियन तुम्ही केलं तसंच पाण्यात. आणि कॅनन मोकळा राहिला, त्याला जी-६ ला नेऊन उभा करा, नवीन वेक वर येऊच शकत नाही, कॅननला १ मार बसेल तेवढाच.

---

जुळे_सोलापूरकर
रात्री १.०५

अहो काय हे!!! अंगावर काटा आला वाचून. दोनदा वाचलं. हल्ल्याचा क्रम दाखवायचं बटण आहे ते मी आजवर नीट वापरलंच नव्हतं, मला वाटायचं सगळे एकदम मारतात तर क्रमाचं काय एवढं. झोप येणं शक्य नाही आता. धन्यवाद दादा, मनापासून.

---

कंबर_तलाव
सकाळी ७.२०

सकाळी सकाळी वाचलं, छान चर्चा. पण मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. इंटू द ब्रीच मी खेळलोय, आवडला पण, फक्त त्यात रोबोटचं वजन जाणवत नाही हो. सगळं दोन-तीन आकड्यांत, कोड्यासारखं. अजस्र रोबोट हवे असतील तर बॅटलटेक. तो पण २०१८ चाच, एप्रिलचा. मूळ पटावरचा खेळ १९८४ चा, तो बनवणाऱ्यांपैकी जॉर्डन वाइझमन यांच्याच स्टुडिओनं हा काढला.

तिथं तुमच्याकडं चार मेक, त्यांच्या तुकडीला लान्स म्हणतात. वीस टनांपासून शंभर टनांपर्यंत. वीस टनी लोकस्ट पळत जाऊन पाठीमागनं मारतो, पाठीचं चिलखत पातळ असतं. शंभर टनी ॲटलस सगळ्यात शेवटी हलतो पण हलला की समोरच्याची छाती फाटते. हात तुटला की त्या हातातलं शस्त्र गेलं. पाय तुटला की आडवा. पायलट जखमी झाला तर कित्येक दिवस अंथरुणावर, आणि महिना भरला की सगळ्यांचा पगार द्यायचाच, पैसे नसले तर कंपनी बुडाली.

आणि उष्णता! प्रत्येक शस्त्रानं मेक तापतो, जास्त तापला तर आतला सांगाडाच जळायला लागतो, त्याच्याही पुढं गेलं तर मेक बंद पडून जागच्या जागी उभा राहतो, मग येईल तो मारतो. पाण्यात उभं केलं की लवकर थंड होतो. चंद्रासारख्या हवा नसलेल्या जागी लवकर थंड होत नाही. मे महिन्यात दुपारी दोनला आपल्या गावात पत्र्याच्या खोलीत बसून मी हे खेळत होतो, बाहेर ४३, आणि माझा मेक पाण्याकडं चाललालेला, मी पण मध्येच उठून डोक्यावर तांब्याभर पाणी ओतून आलो. तो अनुभव मी विसरणार नाही.

वजनाचं म्हणाल तर आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज बघा. सात नंदीध्वज, एवढ्या उंच काठ्या, पेलणारा माणूस पाऊल टाकताना बघा कसं टाकतो. आधी तोल, मग पाऊल. आजूबाजूचे सगळे त्याच्याकडं डोळे लावून. बॅटलटेकमध्ये मोठा मेक चालवताना मला ते आठवतं. तिथं पण तोल गेला, सारखा मार बसून डगमगला, की मेक कोसळतो आणि पायलटला इजा होते.

---

विजापूर_वेस
सकाळी ९.१०

बॅटलटेकचं सगळं खरं पण काका ते टक्के! ९५ टक्के दाखवतो आणि गोळी जाते भलतीकडं. मी एकदा एवढी मांडणी करून, डोंगराआडनं फिरवून, शत्रूच्या पाठीला आणला मेक, आणि चारी शस्त्रं चुकली. मेहनत केली त्याचं फळ मिळायला पाहिजे ना. इंटू द ब्रीच तिथं माणसाला न्याय देतो. केलंस तर झालंच.

---

कंबर_तलाव
सकाळी ९.३५

अरे बाळा पण चुकलं की काय करायचं हे पण शिकायला नको का. माझं तर म्हणणं, चुकेल हे धरूनच मांडणी करायची. ज्या मेकला पुढं पाठवतोय तो चुकला तर त्याला आडोसा आहे का, मागं कोण उभं आहे. एसी-ट्वेंटी या मोठ्या तोफेची एक गोळी डोक्यात बसली की कुठलाही मेक खलास, मग तो शंभर टनी का असेना. हे दोन्ही बाजूंना लागू. ती भीती कायम असते म्हणून मी माझ्या पायलटना जास्त जपतो. तुमच्या गेममध्ये भीती नाही, हिशोब आहे.

---

पूर्वभाग
सकाळी १०.०२

काका, इथं मी असहमत. भीती आहे, फक्त ती कशाची ते वेगळं. बॅटलटेकमध्ये आपण भाडोत्री सैनिक, आपला मेक, आपला पगार, आपली लूट. इंटू द ब्रीचमध्ये मेक मेला तर चालतो, पायलट गेला तरी लढाई चालू. बिल्डिंग जाऊ द्यायची नाही. बिल्डिंगवर माउस नेला की आत किती माणसं आहेत तो आकडा दिसतो. एकदा दिसला की मला तिथं नुसता चौकोन दिसत नाही. मारण्यापेक्षा वाचवणं मोठं, हे असं नियमातनंच सांगणारा दुसरा रोबोटवाला गेम मी तरी खेळलेलो नाही. धागाकर्त्यांनी तीनपैकी दोन वेक मारले, मी सांगितलेल्या चालीत आपल्या हातनं एकच मेला, पण लोकं वाचली. हा फरक मला लै मोठा वाटतो.

---

शेंगाचटणी
सकाळी ११.२५

माझी वरची सूचना चुकली, मान्य. पण मी हट्टानं परत बसले आणि मला दुसरी वाट सापडली आहे, तपासून सांगा.

आर्टिलरी ए-३ ला. तिसऱ्या ओळीतनं सरळ एफ-३ वर गोळा, हॉर्नेट मेला, गोळा पडलेलं घर ढकललं जात नाही म्हणून बिल्डिंगवर आपटायचा प्रश्न नाही. कॅनन ई-४ ला, बरोब्बर फायरफ्लायच्या तोंडासमोर. गोळी कॅननच्या अंगावर. एफ-४ ला उभा केला तर आर्टिलरीच्याच धक्क्यानं तो खाली सरकेल आणि वाट मोकळी होईल, म्हणून ई-४ च पाहिजे. स्कॉर्पियन पाण्यात.

---

पूर्वभाग
सकाळी ११.४४

ताई, एकदम बरोबर!! हे पण चालतं. विजापूर_वेस यांचं झेलायचं तत्त्व आणि तुमचं ई-४, दोन्ही मिळून उत्तर. जी-६ मधला नवीन वेक मात्र वर येईल आणि फायरफ्लाय जिवंत राहील, म्हणजे शेवटच्या टर्नला दोघं. पण तिथनंच ई-४ वरनं कॅननची गोळी डावीकडं फायरफ्लायला मारून एक जीव कमी करून घेता येईल. तो मागं सरकला तरी गोळी कॅननच्याच अंगावर. मी हे पाहिलंच नव्हतं.

---

पार्क_चौक
दुपारी १.१५

मी फोनवर खेळलोय, २०२२ च्या जुलैमध्ये ॲडव्हान्स्ड एडिशन आली तेव्हा नेटफ्लिक्सवाल्यांना मोबाईलवर मिळाली होती, आणि पीसीवाल्यांना ते अपडेट फुकट. नव्या टीम, नवे वेक. बोटानं खेळायला छान आहे, दवाखान्यात रांगेत बसून आईसोबत एक-एक टर्न खेळायचो, घाई नाही ना काही, नंबर आला की फोन खिशात. नवख्यांना एकच सांगणं, चाल मागं घेता येते जोवर शस्त्र वापरलं नाही तोवर, आणि लढाईत एकदा अख्खा टर्न परत करता येतो. जुळे_सोलापूरकर, तुम्ही तो वापरला होता का?

आणि जुनी मंडळी असतील तर फ्रंट मिशन पण बघा, १९९५ चा जपानी, त्यात रोबोटला वांझर म्हणतात आणि हात, पाय, धड सगळ्यांचा जीव वेगळा. २०२२ ला नव्यानं काढलाय.

---

जुळे_सोलापूरकर
रात्री ९.५०

टर्न परत करायचं आधीच्या टर्नलाच वापरून झालं होतं दादा, हॉर्नेटला डोंगरावर आपटवायच्या नादात.

आज कामावरनं आलो आणि घरी काय झालं ते सांगतो. माझे वडील चादरीच्या कारखान्यात जकार्डचे ग्राफ काढायचे, तीस वर्षं तेच काम. चादरीवरचा मोर असो नाहीतर वेल, आधी चौकटीच्या कागदावर एक-एक घर रंगवायचं, मग त्यावरनं पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, आणि त्या पट्ट्या मागावर चढवायच्या. घरात त्या कागदांचा गठ्ठा अजून आहे. त्यातलाच एक घेतला, आठ बाय आठ आखलं, बिल्डिंगला शर्टाची बटणं, वेकला शेंगदाणे, मेकला तीन चिंचोके. बहिणीला म्हटलं तू वेक हो, क्रमानं मार.

पूर्वभाग यांची चाल लावली. चिंचोका ए-५ ला. गोळा डी-५ ला. फायरफ्लायचा शेंगदाणा एक घर वर सरकवला. बहिणीनं बोट ठेवून मोजलं, ई-३, एफ-३, आणि हॉर्नेटचा शेंगदाणा उचलून तोंडात टाकला. सगळी बटणं जागच्या जागी.

बाबा चहा पीत बघलालेले. त्यांना गेममधलं काही कळत नाही, पण कागद त्यांचा. म्हणाले, "तू गोळा मोकळ्या घरात टाकलास का?" म्हटलं हो. मग त्यांनी एक जुना ग्राफ काढून दाखवला, लाल-काळा मोर होता. म्हणाले बघ, जिथं भोक पाडलंय तिथं ताण्याचा दोरा वर उचलला जातो, जिथं नाही तिथं खालीच राहतो, पण खाली राहिलेला पण नक्षीतच असतो, नवीन पोरं रंगवलेली घरंच मोजतात आणि मग मोराची मान वाकडी येते. पंधरा मिनिटं बोलले त्या मोरावर. कितीतरी दिवसांनी त्यांना ग्राफवर बोलताना ऐकलं, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासनं ते कागद त्यांनी काढलेच नव्हते.

मग ताईंची चाल पण लावली. ती पण लागते. बहिणीला तीच जास्त आवडली, म्हणाली स्वतः पुढं उभं राहायचं हे बरं.

---

कंबर_तलाव
रात्री १०.१५

वाचून डोळ्यात पाणी आलं. माझे वडील पण मागावर होते. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. मी परत एकदा इंटू द ब्रीच लावतो, या वेळी बिल्डिंगांकडं बघत.

---

विजापूर_वेस
रात्री १०.२०

काय वाचलालो मी बे, कमाल! त्या ग्राफचा फोटो टाक की. मोराचा पण आणि बटणांचा पण.

---

जुळे_सोलापूरकर
दोन दिवसांनी, रात्री ११.१०

फोटो टाकतो, बाबांनी मोराचा कागद इस्त्री करून ठेवलाय खास.

नवीन काळरेषा चालू केली, राल्फच पायलट, अनुभव त्याच्यासोबत आलाच. दोन बेटं झाली की शेवटच्या लढाईला जाता येतं, पण मी तिसरं घेतलंय. आत्ताच एक लढाई संपली, ग्रिड ६. एका टर्नला बीटल नावाचा वेक मुसंडी मारणार होता बिल्डिंगवर, मी आधी थेट त्याच्यावर नेम धरला, मग सोडला, शेजारचं रिकामं घर बघितलं. तो बाजूच्या ओळीत सरकला आणि सरळ जाऊन दुसऱ्या वेकवर, स्कॅरॅबवर आदळला.

आता एक पट अडलाय. बाबांच्या कागदावर मांडूनच ठेवलाय, बहिणीला शेंगदाण्यांना हात लावू नको म्हणून सांगितलंय. जिंकायला तीन टर्न, चार वेक, पाणी आणि मधोमध डोंगर. फोटोसोबत टाकतो. पूर्वभाग दादा, ताई, जागे आहात का?

---

शेंगाचटणी
रात्री ११.१४

आहे. टाका.